गजाखालची करकर

साधारण शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात एक आगळं वादन चाललं होतं. गज जागच्या जागी स्थिर आणि त्याखाली व्हायोलिनच यंत्राच्या जोरावर पुढेमागे सरकत होतं. हा प्रयोग चंद्रशेखर वेंकट रामन यांचा. प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी १९३० साली त्यांना नोबेल मिळालं. पण त्याआधी कित्येक वर्षं गजाने वाजणाऱ्या तारेचा त्यांनी ध्यास घेतला होता. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतला एक नियम व्हायोलिन शिकू लागलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. सुरुवातीला सूर कमी आणि करकरच जास्त निघते. ‘आपला हातच नाही’ म्हणून अनेकांचं वाद्य मग माळ्यावर जातं. दोष हाताचा नसतो. घर्षणाचं गणित अजून जुळलेलं नसतं.

पकड आणि सुटका

गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात. त्यांना राळ लावलेली असते. राळेमुळे केस तारेला पकडून ओढतात, ताण वाढला की तार निसटते, लगेच पुन्हा पकडली जाते. ४४० हर्ट्झला लावलेल्या तारेवर हे सेकंदाला ४४० वेळा घडतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं, की या वेळी तारेत एक टोकदार कोन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतो. तो गजापाशी पोहोचला की तार सुटते. म्हणजे सुटकेची वेळ तार ठरवते, गजाने फक्त ती पाळायची. दाब जास्त झाला तर वेळ होऊनही तार सुटत नाही आणि करकर होते. दाब कमी पडला तर ती वेळेआधीच निसटते आणि आवाज फुसका येतो.

हा दाब किती हवा? गजाचा वेग तोच ठेवला, तर गज घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या, जितका जवळ तितका जास्त. अंतर निम्मं झालं की किमान दाब सुमारे चौपट लागतो, असं रामन यांना आढळलं. गज तिरका होऊन घोडीकडे सरकला की मघाचा बरोबर दाब अपुरा पडतो, तो याचमुळे.

सरावाची दिशा

म्हणून पहिले काही आठवडे बोटं बाजूला ठेवून मोकळ्या तारा वाजवाव्यात. आरशासमोर बसावं. गज घोडी आणि बोटं ठेवायच्या पट्टीचं टोक यांच्या मधोमध, घोडीला समांतर ठेवावा. एक पूर्ण गज आधी चार मात्रांत, मग आठ मात्रांत ओढावा. गजाचं वजन जेमतेम ६० ग्रॅम असतं. मुठीजवळ वाजवताना ते करंगळीने थोडं तोलून धरावं लागतं, टोकाशी वाजवताना तर्जनीने थोडा भार द्यावा लागतो. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्या वादनातली गळ्यासारखी अखंड मींड अशाच स्थिर गजावर उभी आहे.

नव्या गजाला राळ लावल्याशिवाय तो वाजतच नाही; फार लावली तर आवाज खरखरतो. सराव संपला की तारांवरची राळ कोरड्या फडक्याने पुसावी आणि गज सैल करावा. पावसाळ्यात दमट हवेने केस लांबतात आणि लाकूड फुगून खुंट्या अडकतात. अशा वेळी जोर न लावता जाणकाराला दाखवावं.

कानाची कसोटी

व्हायोलिनला पडदे नसतात. तारेचा वाजणारा भाग साधारण ३३ सेंटिमीटर. षड्जाच्या तारेवर शुद्ध रिषभ खुंट्यांकडच्या टोकापासून तिच्या नवव्या भागावर, म्हणजे ३.७ सेंटिमीटरच्या आसपास येतो. तिथे मिलिमीटरची चूकही तयार कानाला कळते. म्हणून तानपुरा लावूनच बसावं.

आपल्याकडे तारा बहुधा सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा लावतात. एक प्रयोग घरी करून पाहा. पंचमाच्या तारेशेजारी वरच्या षड्जाची तार असते. तिच्या मध्यावर कागदाचा चिमुकला, दुमडलेला तुकडा अडकवा. आता पंचमाच्या तारेवर तिसऱ्या बोटाने तोच षड्ज वाजवा. बोट किंचित चुकलं तर कागद जवळपास स्वस्थ राहील. जागा नेमकी साधली की गज न लागताही शेजारची तार कंप पावेल आणि कागद थरथरून उडेल. सूर लागल्याची पावती तुमचं वाद्यच तुम्हाला देईल.