पालकांची व्यसनाधीनता आणि अपत्याच्या ताब्याचा निर्णय : नवेगाव बांध परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पतिपत्नी विभक्त झाल्यावर अपत्याचा ताबा कोणाकडे असावा, हा प्रश्न त्यांपैकी एक जण व्यसनाधीन असल्यास अधिक गुंतागुंतीचा होतो. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध परिसरात आदिवासी समाजाची लक्षणीय वस्ती आहे. तेथे या प्रश्नास वेगळे कायदेशीर परिमाण लाभते.

कायदेशीर आधार :
पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार न्यायालय अज्ञान मुलाचे वय, पालकाचे चारित्र्य व क्षमता, नात्याची निकटता आणि मूल समजदार असल्यास त्याची इच्छा विचारात घेते. व्यसनाचा या कलमात स्वतंत्र उल्लेख नाही. त्याचा विचार 'चारित्र्य व क्षमता' या निकषाखाली होतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. परंतु केंद्र शासनाने अधिसूचित केल्याखेरीज हा अधिनियम अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे गोंड कुटुंबातील वादात १८९० चा अधिनियम व रूढी यांचेच महत्त्व अधिक राहते.

पुराव्याचा प्रश्न :
सणावारी मोहाची दारू घेणे म्हणजे व्यसनाधीनता नव्हे. पालक दारू पितो एवढे दाखविणे पुरेसे नसून, त्यामुळे मुलाची उपासमार, मारहाण, शाळेतील गैरहजेरी अथवा दुर्लक्ष होते, हे दाखवावे लागते. दवाखान्यातील नोंदी, शाळेचे हजेरीपट व शेजाऱ्यांची साक्ष येथे उपयोगी पडतात. खेड्यात नातेसंबंधांमुळे साक्ष देण्यास कोणी सहजासहजी पुढे येत नाही; परिणामी खरी तक्रारही पुराव्याअभावी दुबळी ठरते.

अंतरिम संरक्षण :
कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ अन्वये न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित महिलेस देऊ शकतात. भेट मुलास अपायकारक वाटल्यास ती नाकारूही शकतात. दोन्ही पालक असमर्थ असल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाते.

निष्कर्ष :
ताब्याचा आदेश ही व्यसनी पालकास दिलेली शिक्षा नव्हे. असे आदेश स्वरूपतः तात्पुरते असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ मध्ये स्पष्ट केले. म्हणून उपचारानंतर सावरलेल्या पालकास पुन्हा दाद मागता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, बालके व अनुसूचित जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत गावोगावी पोहोचविणे, हे महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.