परसातल्या पाखरांची बारमाही वही

दरवर्षी भाद्रपदाच्या वद्य पक्षात महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर एकच तक्रार ऐकू येते: कावळे राहिले नाहीत. पान वाढून ठेवलेले असते, भात वाळत चाललेला असतो, घरातली माणसे उपाशी खोळंबलेली असतात आणि घासाला शिवायला कोणी येत नाही. मग मोबाइलचे मनोरे, तोडलेली झाडे, सिमेंटची घरे यांपैकी हाताशी येईल ते कारण पुढे केले जाते. त्यातली काही कारणे विचार करण्याजोगी असतीलही. पण त्याआधी एक साधा प्रश्न उरतो. याच गच्चीवर फाल्गुनात किती कावळे येत होते? याचे उत्तर सहसा कोणाकडेच नसते, कारण फाल्गुनात कावळ्याची कोणाला गरज नव्हती. शिवाय पितृपक्षात भर दुपारच्या त्याच एका तासाला गल्लीतल्या घराघरांतून पाने मांडली जातात. कावळ्याची वीण पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होते. भाद्रपद उजाडेपर्यंत बहुतेक जोडपी घरट्यातून मोकळी झालेली असतात, पिल्ले घेऊन थव्याने हिंडत असतात आणि पावसाने चहूकडे खाण्याची रेलचेल केलेली असते. पोट भरलेल्या, एका जागेशी न बांधलेल्या पक्ष्याकडे एकाच वेळी शेकडो यजमान डोळे लावून बसले, तर तो कमीच पडणार.

कावळे खरोखर कमी झाले नाहीत, असे यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की नुसत्या या अनुभवावरून दोन्हींपैकी काहीच सांगता येत नाही. परसात, बाल्कनीत किंवा सोसायटीच्या आवारात पक्ष्यांचा जो आकडा दिसतो तो चार गोष्टी मिळून बनतो: पक्षी मुळात किती आहेत, त्या वेळी ते कुठे आहेत, ते कितपत दिसतात-ऐकू येतात, आणि आपण केव्हा व कसे बघतो. ऋतू पालटला की या चारही गोष्टी पालटतात. म्हणून ऑक्टोबरची एप्रिलशी तुलना करून पक्षी ‘घटले’ किंवा ‘वाढले’ म्हणणे म्हणजे भरतीच्या वेळी एकदा आणि ओहोटीच्या वेळी एकदा किनारा पाहून समुद्र आटला म्हणण्यासारखे आहे. ऑक्टोबरची तुलना गेल्या ऑक्टोबरशीच व्हायला हवी, आणि त्यासाठी बारा महिने लिहिलेली वही हवी.

पहिली गोष्ट खुद्द संख्येची. स्थिर म्हणावी अशी पक्ष्यांची वस्तीसुद्धा वर्षभर एकसारखी नसते. समजा एका वाड्याच्या आवारात चिमण्यांच्या दोन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीने वर्षात दोनदा वीण करून दर वेळी तीन पिल्ले वाढवली, तर चाराचे सोळा होतात. पुढच्या विणीच्या वेळी तिथे पुन्हा चारच चिमण्या असल्या, तर वस्ती स्थिर राहिली असे म्हणायचे. म्हणजे मधल्या काळात सोळांतल्या बारा मेल्या किंवा दुसरीकडे गेल्या, तरी काही बिघडलेले नाही. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण वर्षाच्या आलेखाचा आकार खरा आहे. वीण संपताना तो उंच चढतो आणि पुढच्या विणीपर्यंत उतरत जातो. लहान पक्ष्यांच्या आयुष्यात पहिले वर्षच सर्वांत जोखमीचे असते. हा उतार पाहून हळहळणे माणूसपणाला धरून असले, तरी त्याला ऱ्हास म्हणता येत नाही. ऱ्हास असतो तो एका वर्षीच्या तळापेक्षा पुढच्या वर्षीचा तळ खाली जाण्यात.

दुसरी गोष्ट ये-जा करणाऱ्यांची. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून चातक येतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यांत घालतो. त्याच सुमारास दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढलेला नवरंग विणीसाठी उत्तरेकडे सरकतो, आणि वाटेत दमलेला एखादा नवरंग कोणाच्या तरी अंगणात सापडतो. पावसाळा ओसरत असतानाच मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून भोरड्यांचे थवे येऊ लागतात. शेतकऱ्याला भोरडी आठवते ती ज्वारीवर पडणारी, गोफण घ्यायला लावणारी. शहरातल्या माणसाला ती पळस, पांगारा आणि काटेसावर फुलल्यावर पळसमैना म्हणून भेटते. सप्टेंबर-ऑक्टोबरात धोबी, थिरथिरा आणि झाडाच्या शेंड्यात ‘चिविट’ करत फिरणारे छोटे पर्णवटवटे दाखल होतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक परत जातात. ही ये-जा निदान डोळ्यांना कळते. काही स्थलांतर गर्दीतच लपून जाते. घार आपल्याला बारमाही वाटते, पण हिवाळ्यातल्या घारींत मध्य आशियातून आलेल्या, काळ्या कानाच्या उपजातीच्या घारीही असतात. दिल्लीत उपग्रहाची खूणयंत्रे लावलेल्या अशा घारी हिमालय-काराकोरमच्या रांगा ओलांडून विणीच्या प्रदेशात गेल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. डिसेंबरात आणि जूनमध्ये आकाशात दहाच घारी दिसल्या, तरी त्या तेच दहा पक्षी असतील असे नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. पक्षी जागेवरच असतो, पण आपल्या लेखी नाहीसा होतो. कोकिळ फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘येतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रात तो वर्षभर राहतो, फक्त हिवाळ्यात गप्प असतो. दाट पानांत बसणारा हा पक्षी आपण कानांनीच मोजतो, त्यामुळे त्याचे मौन म्हणजे आपल्या हिशेबात गैरहजेरी. दयाळाचेही तेच. उन्हाळ्यात पहाटे तारेवर बसून गाणारा नर वीण आटोपल्यावर जमिनीलगत, झुडपांच्या आडोशाने वावरतो. त्या काळात अनेक पक्षी पिसे बदलत असतात आणि लपून राहणेच त्यांना परवडते. काही पक्षी तर वेष बदलतात. जांभळ्या शिंजिराचा झळाळता नर विणीनंतर जवळजवळ मादीसारखा दिसू लागतो, गळ्यापासून पोटापर्यंतची एक गडद रेघ तेवढी उरते. पावसाळ्यात पिवळाधमक असलेला सुगरण नर हिवाळ्यात चिमणीच्या मादीसारखा मातकट होतो, आणि ‘सुगरणी गेल्या, चिमण्या वाढल्या’ अशी दुहेरी चूक एकाच थव्यावरून होऊ शकते. याउलट पानगळ झालेल्या झाडावर नेहमीचेच पक्षी उठून दिसतात आणि संख्या वाढल्याचा भास होतो. एप्रिलमध्ये पाण्याच्या भांड्यावर उडालेली झुंबड तर सुबत्तेची नसून आसपासचे पाणी आटल्याची खूण असते.

चौथी गोष्ट आपली स्वतःची. रोज सकाळी सातला चहाचा कप घेऊन खिडकीशी बसणारा माणूस स्वतःला नियमित समजतो. पण पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे त्याच घड्याळाच्या सातला जूनमध्ये पक्ष्यांचा दिवस सुरू होऊन तास उलटलेला असतो आणि जानेवारीत तो सुरूही झालेला नसतो. पक्षी घड्याळ पाळत नाहीत, तसे पंचांगही पाळत नाहीत. सर्वपित्री अमावास्या २०२३ मध्ये १४ ऑक्टोबरला होती आणि २०२५ मध्ये २१ सप्टेंबरला. तिथी तीच, पण सौर वर्षात अंतर तेवीस दिवसांचे. याच तेवीस दिवसांत पावसाळी परसाचे हिवाळी परस होऊ लागते. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात भर हिवाळ्यात जुंको या लहान पक्ष्यांना कृत्रिम प्रकाश देऊन दिवस लांबवला, तेव्हा थंडी असूनही त्यांच्या शरीरात विणीचे बदल सुरू झाले. दिवसाची लांबी हा अनेक पक्ष्यांच्या वर्षाचा मुख्य काटा आहे, हे त्या प्रयोगापासून स्पष्ट होत गेले. आपले सण चंद्राशी बांधलेले आहेत. सणाच्या आठवणीवरून पक्ष्यांचा हिशेब मांडला की तो आपोआप चुकतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मोजामोजीवाचूनही आपल्या वाडवडिलांना हे सगळे ठाऊक होते. पावशाची हाक ‘पेर्ते व्हा’ अशी ऐकून पेरणीची तयारी करणाऱ्यांना वही कुठे लागत होती? आक्षेपात तथ्य आहे. लोकज्ञानाने पक्ष्यांच्या येण्याची आणि बोलण्याची वेळ अचूक टिपली. पण ते ज्ञान ‘केव्हा’चे होते, ‘किती’चे नव्हते. पावशा बोलला की पाऊस जवळ आला, एवढे पुरेसे होते. एक बोलला की पाच, याने पेरणीत फरक पडत नव्हता. आज आपला प्रश्नच बदलला आहे. आपल्याला विचारायचे आहे की पावशे कमी झाले का. हा ‘किती’चा प्रश्न आठवणीवर सोडता येत नाही, कारण आठवण ठळक दिवस राखते आणि साधे दिवस पुसून टाकते. बालपणीच्या अंगणात चिमण्यांचा थवा उतरला तो दिवस लक्षात राहतो. एकही चिमणी आली नाही असे शंभर दिवस कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक घटीला ऋतूचे कारण चिकटवले, तर खऱ्या ऱ्हासाकडे डोळेझाक करायला आयती सबब मिळणार नाही का? माझ्या मते उलटे होते. ऋतूचा चढउतार बाजूला काढल्याशिवाय खरा ऱ्हास दिसतच नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा असलेला अहवाल याचे उत्तम उदाहरण आहे. २०२३ च्या अहवालात दीर्घकालीन कल ठरवता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ घटलेल्या, ९८ स्थिर आणि ३६ वाढलेल्या आढळल्या. हे चित्र सुखावणारे मुळीच नाही, आणि ते पुढे आले ते नोंदींमुळेच. त्याच नोंदींनी काही समज ढवळलेही. २०२० च्या अहवालाने चिमणी देशभराचा विचार करता साधारण स्थिर असल्याचे आणि मुंबईसह मोठ्या महानगरांत मात्र घटल्याचे दाखवले. ‘चिमण्या संपल्या’ ही सरसकट हाकाटी आणि ‘काही झालेले नाही’ ही बेफिकिरी, दोन्ही त्या आकड्यांपुढे टिकत नाहीत. महानगरांचा प्रश्न महानगरांत शोधायचा, हे त्यामुळेच कळते. कोकिळ तर वाढणाऱ्यांच्या यादीत आहे, हे हिवाळ्यातल्या त्याच्या मौनावर विसंबणाऱ्याला कधीच कळले नसते.

तिसरा आक्षेप नम्रतेचा आहे: एका परसाच्या नोंदीने काय होणार? एकट्या परसावरून महाराष्ट्राविषयी विधान करता येणार नाही, हे खरे. पण एका परसाची तुलना त्याच परसाच्या मागच्या वर्षांशी निर्धास्तपणे करता येते, आणि तशी हजार परसे जोडली की प्रदेशाचे चित्र उमटते. ब्रिटनमध्ये १९७९ पासून जानेवारीच्या अखेरीस बागेतल्या पक्ष्यांची लोकगणना होते; तिथेच १९९५ पासून आठवड्याच्या आठवड्याला नोंद करणारा वेगळा उपक्रमही चालतो, कारण एका आठवड्याच्या चित्रात ऋतू मावत नाही. आपल्याकडे २०१३ पासून फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये लोक भाग घेतात. लहान जागा चिकाटीने पाहण्याचे मोल महाराष्ट्राला नवे नाही. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला एका वस्तीवर पावसाळाभर नजर ठेवून सुगरणींचा संसार उलगडला: नर अनेक अर्धवट घरटी विणतो, मादी पसंत पडलेल्या घरट्यात बसते, की नर पुढच्या घरट्याला लागतो. एकदा जाऊन आलेल्या माणसाला तिथे फक्त पिवळ्या पक्ष्यांची गडबड दिसली असती.

वहीला खर्च नाही, पण शिस्त हवी. आठवड्यातून एक दिवस, सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने, त्याच जागी पंधरा मिनिटे. प्रत्येक जातीचे एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहायचे. बुलबुल तीनदा आला म्हणून तीन बुलबुल होत नाहीत. नुसता ऐकलेला पक्षी वेगळा लिहायचा, म्हणजे कोकिळाच्या मौनाचा घोटाळा टळतो. शेजारी पाऊस, वारा, उंबराला आलेली फळे, नवे बांधकाम यांची एक ओळ. दाणे घालत असाल तर तेही लिहायचे, कारण दाण्यांनी पक्षी एका जागी जमतात आणि जमणे म्हणजे वाढणे नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शून्य. एकही साळुंकी आली नाही त्या दिवशी वहीत कोरी जागा सोडायची नाही, शून्य लिहायचे. कोरी जागा म्हणजे पाहिलेच नाही. शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हती. हवामान बदलते आहे, ऋतूच जागेवर राहिलेले नाहीत, मग महिन्याशी महिना जुळवून काय उपयोग, असेही कोणी म्हणेल. पण ऋतू किती सरकले हे सांगणारी नोंद हीच आहे: थिरथिरा पहिल्यांदा कधी दिसला, कोकिळ पहिल्यांदा कधी बोलला.

वहीच्या सुरुवातीला नोव्हेंबरचे दिवस सोयीचे आहेत. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्याच्या एका टोकाला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आहे आणि दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. हिवाळी पाहुणे तोवर स्थिरावलेले असतात, स्थानिक पक्षी गप्प असतात, म्हणजे डोळ्यांची परीक्षाही होते. पहिल्या पानावरून काहीच सिद्ध होणार नाही. फाल्गुन येईल, पुढे पावसाच्या तोंडावर कावळे काड्या गोळा करू लागतील, त्याचीही ओळ वहीत पडेल. मग पुढच्या भाद्रपदात पान वाढून ठेवल्यावर कावळा आला नाही, तर तो नाही की नुसता आलेला नाही, याचा अंदाज तरी मागची पाने उलटून बांधता येईल. आणि दोन-चार वर्षांच्या फाल्गुनांतही त्याच्या नावापुढचा आकडा उतरत गेलेला असला, तर त्या तक्रारीला पहिल्यांदाच पुरावा मिळालेला असेल.