संदेशांचा पूर आणि भावाचा एक आकडा

हळदीचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांत सौद्याइतकेच लक्ष मोबाईलकडेही असते. राजापुरी हळदीला आज काय भाव निघाला, कोणत्या प्रतीला मागणी आहे, हे घटकाभरात व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते आणि तेथून कराड, कोरेगाव, साताऱ्याच्या पेढ्यांपर्यंत पोहोचते. अशा ग्रुपची लिंक कोणीतरी सहज बाहेर देतो आणि एखाद्या रात्री अनोळखी क्रमांक आत शिरतो. मग कर्जाच्या जाहिराती, शेअर बाजाराची आमिषे, लग्नपत्रिकेच्या नावाखालील फायली यांचा नुसता भडिमार होतो. ती फाइल पुष्कळदा पत्रिका नसून ॲप असते. ते मोबाईलमध्ये बसवले तर बँकेचे ओटीपी परक्याच्या हाती पडू शकतात. सकाळी दुकान उघडणाऱ्याला हवा असलेला भावाचा एक आकडा मात्र या ढिगाऱ्याखाली गडप झालेला असतो.

हे संदेश बहुधा माणूस लिहीत नाही. आपोआप संदेश सोडणारा संगणकीय कार्यक्रम ते पाठवतो. त्याला ‘बॉट’ म्हणतात. हा उपद्रव व्हॉट्सॲपपेक्षा पुष्कळ जुना आहे. १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन याने ‘आयआरसी’ ही सामूहिक गप्पांची व्यवस्था तयार केली. कोणत्याही सर्व्हरला विनाअट जोडून घेणाऱ्या ‘एरिस’ नावाच्या एका सर्व्हरवरून १९९० मध्ये त्या जाळ्यात वाद झाला आणि जाळ्याची फाळणी झाली. दार सर्वांस मोकळे ठेवावे की नाही, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्यावर शोधलेला उपाय साधा होता. १९९३ च्या आयआरसी नियमपत्रात प्रत्येक संदेशामागे पाठवणाऱ्याच्या खाती दोन सेकंदांचा दंड मांडलेला आहे. हा दंड दहा सेकंदांपर्यंत साचला की पुढचे संदेश थांबवून धरायचे. बोलणाऱ्या माणसाला ही मर्यादा जाणवतही नाही. क्षणात शेकडो ओळी ओतणारा बॉट मात्र तेथेच अडकतो. संदेशात काय लिहिले आहे हे न वाचताही केवळ वेगावरून पूर अडवता येतो, हे यातील मर्म आहे.

आजही तत्त्व तेच आहे. व्हॉट्सॲपने २०१९ च्या आरंभी दिलेल्या माहितीनुसार, आपोआप किंवा घाऊक संदेश पाठवणारी २० लाखांहून अधिक खाती दरमहा बंद केली जात होती. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश खात्यांविरुद्ध नजीकच्या काळात कोणी तक्रारही केलेली नव्हती. कंपनीने दिलेले उदाहरण बोलके आहे : पाच मिनिटांपूर्वी उघडलेले खाते पंधरा सेकंदांत शंभर संदेश पाठवू लागले, तर ते गैरवापराचेच समजावे. माणूस लिहीत असताना समोरच्याला ‘टायपिंग’ असे दिसते. ती खूण कधीच न दिसणे हेही संशयाचे एक कारण मानले जाते.

परंतु पूर केवळ यंत्रेच आणतात असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध भिक्षुकांचा जीव घेतला. त्यांतील बहुतेक जण सांगली जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातील होते. अशी अफवा पुढे ढकलणारे हात माणसांचेच होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून अनेकदा पुढे पाठवला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो.

व्यापारी घराण्यांना यातील दुसरी बाजूही पाहावी लागेल. दिवाळीच्या शुभेच्छा किंवा नव्या मालाचे दर हजारो क्रमांकांना एका झटक्यात पाठवून देणारी सॉफ्टवेअरे बाजारात सर्रास विकली जातात. ती वापरणारी पेढी व्हॉट्सॲपच्या दृष्टीने बॉटच ठरते. अशा घाऊक वापराविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्याचा इशारा कंपनीने ७ डिसेंबर २०१९ पासून लागू केला आहे. वडिलांच्या काळापासून ग्राहकांच्या वहीत लिहिलेला क्रमांक एका सकाळी बंद पडला, तर वाचलेल्या जाहिरातखर्चाने ती हानी भरून येत नाही. त्यापेक्षा ‘ब्रॉडकास्ट’ यादी बरी. ज्यांनी पेढीचा क्रमांक आपल्याकडे जतन केला आहे, त्यांनाच तो संदेश पोहोचतो. ऐकू इच्छिणाऱ्यालाच सांगावे, ही मर्यादा तिच्यात आपोआप पाळली जाते.

ग्रुप चालवणाऱ्याच्या हातीही पुष्कळ काही आहे. लिंक बाहेर गेली असेल तर ती रद्द करून नवी घ्यावी. नवीन सदस्याला ॲडमिनच्या संमतीवाचून प्रवेश मिळणार नाही, अशी सोय चालू करावी. भावाच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनने लिहावे आणि चर्चेसाठी वेगळा ग्रुप ठेवावा. टेलिग्रामवर दोन संदेशांत ठरावीक अंतर ठेवणारा ‘स्लो मोड’ आहे, तो वापरावा. शिरलेल्या बॉटशी वाद न घालता त्याची तक्रार नोंदवून त्याला काढून टाकावे. कोणाचे पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू दिसल्याशिवाय, केवळ ॲडमिन असल्याने कोणी गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. कायद्याने ही मोकळीक दिली, तरी ग्रुप ज्याने उघडला त्याचा उंबरठा त्यानेच राखायचा असतो. दुकानाचे दार दिवसभर उघडे असते, म्हणून गल्ल्यावर कोणी कोणालाही बसू देत नाही.