पेटी एका वाटेने, किल्ली दुसऱ्या वाटेने

खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. माणसे गेली, घरे मातीखाली गेली. गेलेले माणूस परत येत नाही. पण जे वाचतात त्यांना पुढे पावलोपावली कागद लागतात. आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, सातबारा. घरातली पेटीच गेली, तर हे कागद दाखवायचे कुठून?

म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घराबाहेर असावी. लेक कर्जतला असेल, मुलगा खोपोलीला असेल. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडे ती ठेवावी. हल्ली कागदाची फाइल करून फोनवरून पाठवता येते. पण ती भलत्याच्या हाती लागली तर? तिला कुलूप हवे.

हे कुलूप लोखंडाचे नसते. आपण एक परवलीचा शब्द देतो. त्या शब्दाच्या आधाराने संगणक फाइलमधला मजकूर पार उलटापालटा करून टाकतो. बघणाऱ्याला काहीएक कळत नाही. तोच शब्द पुन्हा दिला, की मजकूर जसाच्या तसा दिसतो. याला एन्क्रिप्शन म्हणतात.

आता एक अडचण पाहा. तुमचा फोन अँड्रॉइडचा. सेतू केंद्रातला संगणक विंडोजचा. मुलाच्या कामावरचा कदाचित लिनक्सचा. ही यंत्रांच्या कारभाऱ्यांची नावे आहेत. प्रत्येक कारभाऱ्याची रीत निराळी. फोनला तुम्ही जे कुलूप लावता, ते फोनपाशीच राहते. फाइल बाहेर पडली, की ती उघडी! म्हणून कुलूप यंत्राला नको, फाइलला हवे.

पीडीएफ नावाच्या फाइलला असे कुलूप लावता येते. ही पद्धत १९९३ साली निघाली. २००८ साली तिचे नियम जगासाठी एक ठरले. त्यामुळे कोणताही कारभारी असो, योग्य शब्द दिला की फाइल उघडते. लिब्रऑफिस नावाची फुकट आज्ञावली संगणकावर असली, तर फाइल पीडीएफ करतानाच तिला परवलीचा शब्द घालता येतो. कुलूप लावून घ्यायला अनोळखी संकेतस्थळावर मात्र आपले कागद चढवू नका.

आधारची फाइल सरकारकडूनच कुलूपबंद येते. तिची किल्ली म्हणजे नावाची पहिली चार मोठी इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे साल. पण गावात तुमचे नाव आणि वय कुणाला ठाऊक नाही? म्हणजे हे कुलूप कच्चेच. जिथे चालेल तिथे झाकलेले आधार द्या. त्यात १२ पैकी पहिले ८ आकडे दिसत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. फाइल पाठवली आणि त्याच निरोपात परवलीचा शब्दही लिहिला, तर काय झाले? कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगली! फाइल फोनवरून पाठवा. शब्द प्रत्यक्ष भेटीत सांगा, नाहीतर फोन करून तोंडी सांगा.

सेतू केंद्रात छापील प्रत काढून झाली, की समोर उभे राहून फाइल पुसायला सांगा. ती संगणकाच्या कचरापेटीतूनही काढायला सांगा. यात भीड कसली? कागद आपला आहे.

परवलीचा शब्द लांब असावा आणि दुसऱ्याला सहज सुचू नये. पण तो विसरू नका. घराचे कुलूप अडले तर चावीवाला येतो. पक्क्या शब्दाचे हे कुलूप अडले तर फाइल करून देणाराही ते उघडू शकत नाही. तेव्हा तो शब्द घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या.

पावसाळ्याआधी आपण कौले चाळतो, लाकूडफाटा भरून ठेवतो. त्याच वेळी हेही काम उरकून घ्या.