हाताच्या अंतरावरची शर्यत

ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकणारा खेळाडू अंतिम रेषा ओलांडतो तेव्हा टाळ्यांचा कडकडाट होणार, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं. २९ जुलै २०२४ रोजी पॅरिसजवळच्या एलांकूर टेकडीवर वेगळंच घडलं. ब्रिटनचा टॉम पिडकॉक माउंटन बाइकची शर्यत जिंकून आला आणि कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकांतून त्याची हुर्यो उडवली गेली. त्याच्यामागे नऊ सेकंदांनी फ्रान्सचा व्हिक्टर कोरेट्झकी पोहोचला, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी टेकडी दणाणून सोडली. रौप्यपदकाला जल्लोष आणि सुवर्णपदकाला शिट्ट्या! दूरचित्रवाणीवर हा खेळ पहिल्यांदाच पाहणारे अनेक जण चक्रावले असतील.

त्या शिट्ट्यांमागे काय होतं, हे कळायला आधी हा खेळ आणि त्याचा प्रेक्षक कुठे उभा असतो, ते पाहावं लागेल.

माउंटन बाइकिंगचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीचा. १९७०च्या दशकात तिथली काही पोरं जाड टायरच्या जुन्या, वजनदार सायकली डोंगरावर चढवायची आणि मातीच्या वाटेने सुसाट खाली आणायची. उताराच्या टोकाला पोहोचेपर्यंत मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत त्याला ‘रीपॅक’ म्हणतात; १९७६ साली त्या उतारावर सुरू झालेल्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली, टॉम रिची ही त्या काळातली नावं आज या खेळात आदराने घेतली जातात. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळाला प्रवेश मिळाला. डोंगरातल्या पोरांचा उद्योग अवघ्या वीस वर्षांत ऑलिंपिकला पोहोचला.

ऑलिंपिकमध्ये खेळला जातो तो ‘क्रॉस कंट्री’ प्रकार. चार ते सहा किलोमीटरचं वर्तुळ आखायचं. त्यात दमछाक करणारे चढ, दगडगोट्यांचे उतार, झाडांच्या मुळांवरून जाणाऱ्या अरुंद वाटा आणि उडी मारावी लागेल असे कडे ठेवायचे. सगळे स्पर्धक एकाच वेळी सुटतात आणि ठरलेल्या फेऱ्या आधी पूर्ण करणारा जिंकतो. साधारण दीड तासाचा मामला. घड्याळाविरुद्ध एकेकट्याने पळायचं नसतं. खांद्याला खांदा लावून वाट काढायची असते. खूप मागे पडणाऱ्यांना पंच शर्यतीतून बाहेर काढतात, म्हणजे आघाडीवरच्यांची वाट अडत नाही.

या आखणीमुळे प्रेक्षकाची मोठी सोय होते. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत तासन्‌तास उभं राहायचं आणि घोळका अर्ध्या मिनिटात नजरेआड व्हायचा, असा अनुभव असतो. इथे तोच खेळाडू दहा-अकरा मिनिटांनी पुन्हा समोर येतो. मधल्या वेळात प्रेक्षक टेकडीवर दुसरीकडे सरकतो. एक फेरी दगडांच्या उतारावर पाहायची, पुढची चढावर, त्यापुढची चाकं बदलण्याच्या जागेजवळ. जत्रेत फिरावं तसं फिरत शर्यत पाहायची.

आणि जवळ किती! मध्ये फक्त एक दोरी किंवा जाळी. चढावर स्पर्धकाचा वेग इतका खाली येतो, की त्याचा धापा टाकणारा श्वास ऐकू येतो. चेहऱ्यावर धूळ आणि घामाचे ओघळ, दंडावर काट्यांचे ओरखडे, चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकतानाचा खट्‌ असा आवाज. उतारावर तोच माणूस डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघून जातो; पेडल थांबलेली असतात, मागच्या चाकाची कर्रकर्र तेवढी कानात राहते. कुस्तीच्या फडात किंवा बैलगाडा शर्यतीच्या घाटात उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा जागी प्रेक्षक त्रयस्थ राहूच शकत नाही.

युरोपातल्या विश्वचषक शर्यतींना गेलेल्याला आवाजाची सवय असावी लागते. आल्प्समधल्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा प्रेक्षकांच्या हातात आल्या आणि आज त्या या खेळाची खूणच झाल्या आहेत. भोंगे, पिपाण्या, ढोल असतातच. डोंगरउताराच्या शर्यतींना काही हौशी प्रेक्षक साखळी काढून टाकलेली झाडतोड्यांची यांत्रिक करवत घेऊन येतात आणि स्पर्धक जवळ आला की ती घरघरवतात. चेक प्रजासत्ताकातल्या नोव्हे मेस्तो इथे तर या खेळासाठी हजारोंनी माणसं जमतात. या गर्दीची एक रीत आहे: पहिल्या क्रमांकाला जितकी ओरड, जवळजवळ तितकीच ती शेवटून दुसऱ्यालाही. मागे पडलेला, चिखलाने माखलेला, तरी पेडल मारत राहिलेला खेळाडू दिसला की घंटांचा नाद वाढतो.

म्हणूनच एलांकूरच्या शिट्ट्या या खेळाच्या जुन्या चाहत्यांना लागल्या.

त्या दुपारची पार्श्वभूमी आदल्या दिवसापासून तयार झाली होती. २८ जुलैला महिलांची शर्यत झाली. फ्रान्सची पोलीन फेरां-प्रेव्हो तेव्हा ३२ वर्षांची होती. रस्त्यावरचं सायकलिंग, सायक्लो-क्रॉस आणि माउंटन बाइक या तिन्ही प्रकारांत जगज्जेतेपद मिळवलेली ही खेळाडू; २०१५ साली तर तिन्ही किताब एकाच वेळी तिच्याकडे होते. ऑलिंपिकने मात्र तिला कायम हुलकावणी दिली होती. रिओत तिने शर्यत अर्ध्यावर सोडली, टोकियोत दहावी आली. घरच्या टेकडीवर ती सुरुवातीलाच एकटी पुढे निघाली आणि मग प्रतिस्पर्ध्यांना दिसलीच नाही. जवळजवळ तीन मिनिटांच्या फरकाने तिने सुवर्ण जिंकलं. या खेळात तीन मिनिटं म्हणजे दिवस आणि रात्रीइतका फरक. प्रत्येक फेरीला ती आली की तिरंगी झेंड्यांची एक लाट तिच्यासोबत टेकडीवर चढायची.

त्याच शर्यतीत प्रेक्षकांनी दुसरं टोकही पाहिलं. पदकाच्या आशेने पळणारी फ्रान्सची लोआना लकोंत दगडांच्या टप्प्यात जोरात आपटली. डोक्याला मार बसला आणि तिची शर्यत तिथेच संपली. हाताच्या अंतरावर उभं राहण्याची ही किंमत. पडणाऱ्याचं पडणंही तितकंच जवळून पाहावं लागतं.

कांस्यपदक स्वीडनच्या येनी रिसवेड्सला मिळालं. २०१६ साली रिओत, अवघ्या बाविसाव्या वर्षी तिने सुवर्ण जिंकलं होतं. त्यानंतर नैराश्याने तिला घेरलं आणि ती स्पर्धांपासून दूर गेली. सावकाश परतली, पुन्हा जिंकू लागली आणि आठ वर्षांनी पुन्हा ऑलिंपिकच्या पदक-मंचावर उभी राहिली. हा प्रवास ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या कांस्याची झळाळी सोन्याहून कमी वाटली नसेल.

अशा भारलेल्या टेकडीवर दुसऱ्या दिवशी पुरुषांची शर्यत सुटली. फ्रेंचांना आता आणखी एक सुवर्ण हवं होतं आणि कोरेट्झकी ते देऊ शकत होता. टोकियोत तो पाचवा आला होता. टोकियोचा विजेता पिडकॉक मात्र समोरच होता. शर्यत मध्यावर येण्याच्या सुमारास पिडकॉकच्या पुढच्या चाकाची हवा गेली. चाक बदलण्याच्या जागेपर्यंत तो तसाच रेटत गेला. या थांब्यात त्याचे मौल्यवान सेकंद गेले. पुन्हा निघाला तेव्हा आघाडी अर्ध्या मिनिटाहून पुढे गेली होती. कोरेट्झकी पुढे, टेकडी त्याच्या नावाने दुमदुमलेली. फ्रेंच प्रेक्षकांनी मनातल्या मनात पदक गळ्यात घालून टाकलं असणार.

पिडकॉकने एकेक स्पर्धक मागे टाकत अंतर तोडलं. प्रत्येक फेरीला उभ्या गर्दीला ते दिसत होतं: मागच्या वेळी एवढा मागे होता, आता एवढाच राहिला. गोल वाटेवरच्या शर्यतीत प्रेक्षकाला घड्याळ लागत नाही, त्याच्या पोटातला गोळाच हिशेब सांगतो. शेवटच्या फेरीत दोघे चाकाला चाक लावून होते. कोरेट्झकी पुढे, पिडकॉक मागे, त्यांच्या पाठीवर दक्षिण आफ्रिकेचा अ‍ॅलन हॅथर्ली.

रेषा जवळ आली होती. एका झाडाभोवती वाट दुभंगत होती. कोरेट्झकी एका बाजूने गेला, पिडकॉकने क्षणात दुसरी बाजू धरली. दोन्ही वाटा पुन्हा एक झाल्या, तिथे दोघांचे खांदे एकमेकांना घासले. कोरेट्झकीची लय तुटली आणि पिडकॉक निसटला. नऊ सेकंदांनी कोरेट्झकी, आणखी दोन सेकंदांनी हॅथर्ली. माउंटन बाइकमधलं दक्षिण आफ्रिकेचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. त्या गदारोळात त्याचं कौतुक मागेच राहिलं.

पिडकॉकने नियम मोडला का? निकाल कायम राहिला, हे त्याचं उत्तर. दोन वाटा आखणाऱ्यांनीच ठेवलेल्या होत्या. मागून येणाऱ्याला पुढे जायची संधी मिळावी म्हणूनच तशा ठेवतात. अरुंद वाटेवर खांद्याला खांदा लागणं या खेळात रोजचं आहे. मोकळी जागा दिसली आणि पंचवीस वर्षं पूर्ण करायला एकच दिवस उरलेल्या त्या खेळाडूने ती घेतली. मागे राहून सभ्यपणे रौप्य घेतलं असतं, तर तो स्वतःशीच बेइमान ठरला असता. त्या शिट्ट्या अन्यायाच्या होत्या, हे स्पष्ट म्हणायला हवं.

पण त्या शिट्ट्या मारणाऱ्यांना नुसतं खलनायक ठरवणंही बरोबर नाही. दीड तास त्यांनी एका माणसाला आठ वेळा जवळून जाताना पाहिलं होतं. त्याचा श्वास ऐकला होता, त्याच्या नावाने घसा बसवला होता. अखेरच्या मिनिटात ते सगळं हातातून निसटलं, तेही डोळ्यांदेखत, एका झाडाच्या आडून. राग कुणावर तरी निघणार होता. पिडकॉकनेही शर्यतीनंतर आपल्याविरुद्धच्या गर्दीबद्दल आदळआपट केली नाही. कोरेट्झकीबद्दल त्याने सहानुभूतीच व्यक्त केली.

हा खेळ अशा निसटत्या क्षणांनी भरलेला आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकची शर्यत एसेक्समधल्या हॅडली फार्मवर झाली. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर आणि चेक खेळाडू यारोस्लाव्ह कुल्हावी शेवटच्या वळणापर्यंत बरोबरीने होते. कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. चार वर्षांनी रिओत शुर्टरने त्याला मागे टाकून सुवर्ण घेतलं. २००८ साली बीजिंगला कांस्य, मग रौप्य, मग सुवर्ण, असा पायऱ्यांसारखा चढत गेलेला शुर्टर पॅरिसलाही उतरला होता. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो नववा आला.

टोकियो ऑलिंपिकच्या वेळी इझूच्या मार्गावर नेदरलँड्सच्या मात्यू व्हान डेर पूलकडे जगाच्या नजरा होत्या. मार्गात एका मोठ्या खडकावरून खाली उतरायचं होतं. सरावाच्या वेळी तिथे उतरण लावलेली होती. शर्यतीला ती काढली होती. त्याला वाटलं ती तिथेच असेल. पुढचं चाक खाली गेलं आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. त्याची सगळी शर्यत त्या एका चुकीच्या समजात संपली. पिडकॉकला पहिलं सुवर्ण मिळालं ते याच शर्यतीत.

एलांकूर टेकडीचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. समुद्रसपाटीपासून २३१ मीटर उंचीचा हा माथा पॅरिसच्या परिसरात सर्वांत उंच. तो निसर्गाने दिलेला नाही. आधी इथे दगडाची खाण होती. मग आसपासचं नवं शहर वसवताना निघालेला राडारोडा इथे टाकला गेला आणि त्या ढिगाचा डोंगर झाला. ऑलिंपिकसाठी त्यावर ४.४ किलोमीटरची वाट आखली, ती दक्षिण आफ्रिकेच्या निक फ्लोरोस यांनी. रिओची वाटही त्यांचीच होती. वाट फार खडीची, गुळगुळीत झाली आहे, अशी कुरकुर काही खेळाडूंनी आधी केली होती. शर्यतीनंतर त्या कुरकुरीची कोणाला फारशी आठवण राहिली नाही.

फेरां-प्रेव्हो ऑलिंपिकनंतर रस्त्यावरच्या सायकलिंगकडे वळली. २०२५ साली तिने आधी पॅरिस-रुबे आणि मग महिलांची टूर द फ्रान्स जिंकली. त्या टूरमध्ये आल्प्सच्या घाटात, मादलेनच्या चढावर रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची दाटी होती. चढ इतका उभा, की सायकलींचा वेग मंदावलेला आणि प्रेक्षक पुन्हा हाताच्या अंतरावर. आघाडीवरच्या खेळाडूची पिवळी जर्सी घातलेली पोलीन दुसऱ्या दिवशी शातेलच्या चढावर एकटी आली, तेव्हा तिच्या पुढे कोणी नव्हतं, आणि दोन्ही बाजूंनी तिच्याच नावाचा गजर चालला होता.