वेरूळला जाताना यादी निम्मी करा

चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली गोष्ट. अलाउद्दीन खिलजीचा सरदार अलपखान गुजरातच्या कर्ण वाघेल्याचा पाठलाग करत देवगिरीच्या आसपास आला. कर्णाची मुलगी देवलदेवी त्याला काहीही करून हवी होती. डोंगरात तळ पडलेला असताना त्याच्या फौजेतले काहीशे शिपाई परवानगी न घेताच वेरूळची लेणी पाहायला गेले, आणि तिथेच त्यांची गाठ देवलदेवीला देवगिरीकडे नेणाऱ्या पथकाशी पडली. चकमक झाली आणि राजकन्या हाती लागली. ही हकीकत फिरिश्ता देतो. तो लिहितो तीनशे वर्षांनंतर, तेव्हा तिच्यातले किती पदरात घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यात राजकन्येपेक्षा ते शिपाई मोलाचे वाटतात. मोहिमेवर असताना, वरिष्ठांचा रोष पत्करून, माणसे डोंगरातली लेणी बघायला जातात, हे फिरिश्त्याला सांगण्याजोगे आणि पटण्याजोगे वाटले.

आजच्या पर्यटकाला परवानगीची अडचण नाही, वेळेची आहे. सकाळी छत्रपती संभाजीनगरातून गाडी निघते. दौलताबादचा किल्ला, भद्रा मारुती, खुलताबादला औरंगजेबाची कबर, घृष्णेश्वर, लेणी, आणि परतल्यावर पाणचक्की नि मकबरा. रोमला गेलेला माणूस कोलोसिअम, व्हॅटिकन आणि त्रेवीचे कारंजे एका दिवसात जसे उरकतो, तसेच हे. या फेरीत कैलास लेण्याच्या वाट्याला पाऊण तास येतो, बाकीच्या तेहतिसांना मिळून तेवढाच. लेणी बंद व्हायची वेळ झाली की पहारेकऱ्याची शिट्टी वाजते आणि मंडळी घृष्णेश्वराच्या रांगेत परततात.

तीस किलोमीटरच्या या रस्त्यावर राजधान्याच राजधान्या आहेत. देवगिरी यादवांची. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीचा दरबार तिथे हलवला आणि दौलताबाद नाव रूढ केले. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तीच पुढे औरंगजेबाचे औरंगाबाद झाली. हे सगळे एका दिवसात बसवायचे म्हणजे एका ताटात चार लग्नांच्या पंगती वाढण्यासारखे आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला माझे सांगणे एवढेच की यादी निम्मी करा. वेरूळला सबंध दिवस द्या, आणि कैलास शेवटी नाही तरी निदान सुरुवातीलाच पाहू नका.

अडचण अशी की दरवाजातून आत शिरले की समोर कैलासच. तिथून पाय निघत नाहीत, मग उरलेली लेणी नजरेला फिकी वाटू लागतात. म्हणून आत येताच उजवीकडे वळावे. लेण्यांचे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे आहेत, पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. क्रमांक म्हणजे काळाचा क्रम असा समज गाइडही करून देतात. तो खरा नाही. एकविसावे रामेश्वर आणि एकोणतिसावे सीतेची न्हाणी ही सहाव्या शतकातली, म्हणजे पुष्कळशा बौद्ध लेण्यांच्या आधीची असावीत, असे आज बरेच अभ्यासक मानतात. तिन्ही धर्मांची कामे काही काळ तरी एकाच डोंगरात शेजारी शेजारी चालू होती, आणि पाथरवटांचे हातही कदाचित तेच असतील.

दक्षिण टोकाकडे पाचव्या लेण्यात मधोमध दोन लांबच लांब, बुटके दगडी बाक आहेत. समोरासमोर बसून पाठ म्हणायला की जेवायला, यावर अभ्यासक भांडतात. मी तिथे बसून पाहिले आहे, दोन्हीची सोय उत्तम होते. दहावे लेणे हे चैत्यगृह, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला कोरलेल्या फासळ्या पाहिल्या की नाव कसे पडले ते विचारावे लागत नाही. लाकडी बांधणीतल्या तुळया दगडात उतरवल्या आहेत, जिथे त्यांचे काहीच काम नाही. स्तूपापुढे पाय सोडून बसलेला बुद्ध आहे. दर्शनी सज्ज्यावरच्या गवाक्षातून येणारा उजेड त्याच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा फोटो काढणारेही फोन खाली करतात. बाराव्या तीन ताल लेण्याचे दर्शन सरकारी कचेरीसारखे रुक्ष, पण तिसऱ्या मजल्यावर जाण्याचा कंटाळा करू नये. वर गाभाऱ्याच्या दोन्ही अंगांना सात-सात बुद्ध ओळीने बसलेले आहेत.

मग पंधरावे, दशावतार. अंगणात मधोमध एक सुटा मंडप आहे आणि त्यावर राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा शिलालेख. वरच्या मजल्यावर हिरण्यकशिपूला धरणारा नरसिंह पाहा. पाऊल पुढे, हात खांद्यावर, आणि ज्याला धरले त्याच्या तोंडावर भीतीपेक्षा आश्चर्य जास्त. दंतिदुर्गानंतर त्याचा चुलता कृष्ण पहिला गादीवर आला, राज्यकाळ साधारण 756 ते 773. शेजारच्या कैलासाचे श्रेय त्याचे. बडोद्याला सापडलेल्या 812-13 च्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावर कृष्णराजाने केलेल्या देवळाचे वर्णन आहे. विमानातून जाणाऱ्या देवांना ते मानवी वाटत नाही, आणि करणारा शिल्पीच आपल्याला हे जमले कसे म्हणून चकित होतो. हे वर्णन कैलासाचेच, असे मानले जाते. सगळे एकाच राजाने केले असेल, असे मात्र नाही. म. के. ढवळीकरांनी शैली तपासून कामाचे टप्पे पाडले, मुख्य देऊळ कृष्णाच्या काळातले आणि भोवतीचे बरेच काम पुढच्या राजांचे, असा त्यांचा निष्कर्ष.

आता कैलास. तोही दरवाजातून नव्हे. बाजूने डोंगरावर वाट जाते, कठडा लावलेला आहे, चढून जा. खाली 84 मीटर लांब, 47 मीटर रुंद खड्डा आणि त्यात देऊळ उभे. ज्यांनी ते कोरले त्यांनी ते याच बाजूने पाहिले होते. डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी चर खणले, मधला प्रचंड खडक सुटा केला आणि वरून खाली उतरत गेले. आधी शिखर, मग मंडपाचे छप्पर, मग भिंती, शेवटी जोत्याचे हत्ती. परांची बांधायचे कारण नाही, उभे राहायला खालचा न कोरलेला खडकच होता. उलट चूक झाली तर दुसरा दगड आणून बसवायची सोय नाही. मंडपाच्या छपरावर मोठे कमळ आहे आणि त्याभोवती चार सिंह चालताहेत. खाली अंगणात दिवसभर फिरलात तरी ते दिसायचे नाही.

बाहेर काढलेल्या दगडाचे अंदाज दीड लाख टनांपासून चार लाखांपर्यंत जातात. हा सगळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेला. जॉर्डनच्या पेत्रात कड्यावर दर्शनी भाग कोरले आहेत, आत खोल्या आहेत. इथियोपियातल्या लालिबेलाची चर्चे मात्र कैलासासारखीच वरून खाली खोदलेली आहेत, पण ती चारेकशे वर्षांनंतरची. त्यातले सर्वांत नावाजलेले सेंट जॉर्जचे चर्च बारा-तेरा मीटर उंच आहे, आणि कैलासाचे शिखर तीस मीटरच्या घरात जाते. हे परग्रहावरच्या लोकांनी केले असे सांगणारे व्हिडिओ हल्ली फिरत असतात. अशा मंडळींना अंगणाच्या भिंतीपाशी न्यावे. तिथे छिन्नीचे तिरके ओरखडे अजून ओळीने दिसतात. आणि तिसाव्या, छोट्या कैलासापाशीही न्यावे. तेही वरून सुरू केले आणि अर्धवट सोडले. परग्रहवासी काम अर्धवट टाकून जाताना कुणी ऐकले नाहीत, माणसे जातात.

हे कसे केले, याचे उत्तर मराठी परंपरेने वेगळे शोधले होते. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त एका राजाची राणी माणिकावती नवस बोलते, शिखर डोळ्यांनी पाहीन तेव्हाच अन्न घेईन. शिल्पी हबकतात, पाया भरून शिखरापर्यंत जायला फार काळ लागणार. पैठणहून आलेला कोकास वरूनच सुरुवात करतो आणि राणीचा उपास थोडक्या दिवसांत सुटतो. ज्याने ही कथा रचली त्याला कैलासाचे खरे तंत्र ठाऊक होते, हे उघड आहे.

वरून उतरून मग दरवाजाने आत जा. समोर गजलक्ष्मी, दोन्हीकडे दगडी हत्ती आणि ध्वजस्तंभ. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतो ते शिल्प आहे. वीस हातांचा रावण खालच्या पोकळीत खोल बसवलेला, त्यामुळे तो सावलीत राहतो. वर पार्वती शंकराचा दंड घट्ट धरते, तिच्यामागे एक दासी पळत सुटली आहे, आणि शंकर पायाने नुसता दाब देतो. रामायण आणि महाभारताचे पट्टे पायऱ्यांच्या बाजूला आहेत, तिथे लहान मुलांना घेऊन उभे राहा, सेतू बांधणारी वानरे त्यांना आधी सापडतात. मंडपाच्या छताखाली मान वर केली तर जुन्या रंगांचे तुकडे दिसतील. देऊळ एके काळी गिलाव्याने आणि रंगांनी झाकलेले होते, म्हणून त्याला रंगमहालही म्हणत.

हे पाहून थकवा आलाच तर रामेश्वर तरी चुकवू नका. दारापाशी मकरावर उभी असलेली गंगा, आणि आत शिव-पार्वतीचा सारीपाट. वर डाव रंगला आहे आणि खाली गण नंदीची खोड काढताहेत. हा प्रसंग चौदाव्यातही आहे, पण इथला जास्त खट्याळ. सीतेच्या न्हाणीशेजारचा धबधबा पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस पडतो. जैन लेणी किलोमीटरभर पुढे, तिथवर बस जाते. बत्तिसाव्या इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर अंबिका आम्रवृक्षाखाली बसली आहे. पाने आणि फळे इतकी मन लावून कोरली आहेत की झाड ओळखण्यात चूक होत नाही. बाहुबलीच्या अंगावर चढलेल्या वेलीही पाहा. आणखी वर डोंगरात पार्श्वनाथाची मूर्ती आहे, तिच्यावरच्या लेखात 1234-35 चा काळ येतो. तेव्हा देवगिरीवर यादव सिंघण राज्य करत होता.

वेरूळ गावाला घाईची टीप पुरे, पण ती हवीच. इथली पाटीलकी भोसल्यांकडे होती, मालोजीराजांची गढी इथलीच आणि घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांनी केला. आजचे लाल दगडाचे देऊळ होळकरांच्या काळातले. गौतमाबाई आणि अहिल्याबाई ही दोन नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. जवळचे शिवालय तीर्थ, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जाणारे चौकोनी कुंड, गर्दीतले लोक न पाहताच जातात.

चित्रे पाहायची असतील तर गंगाराम तांबटाचे नाव लक्षात ठेवा. पुण्याच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने 1790 च्या दशकात त्याच्याकडून वेरूळची चित्रे काढून घेतली. पुढे थॉमस डॅनियलने 1803 मध्ये लंडनला लेण्यांची मोठी छापील चित्रे काढली, ती जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. डॅनियल स्वतः वेरूळला आलाच नव्हता. नाव मात्र त्याचे झाले आणि तांबटांचे मागे पडले.

देवगिरी दुसऱ्या दिवशी. तो सकाळी लवकर गाठावा, कारण चढ बराच आहे आणि सावली कमी. तिथेही यादी छोटी ठेवा. बहामनी चांदमिनार बाहेरून, चिनी महालाजवळच्या बुरुजावरची मेंढा तोफ, तासून उभा केलेला कडा, खंदक आणि अंधेरी. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्यावर कारभारी होते, त्यांची समाधीही इथे आहे. खुलताबादेत औरंगजेबाची कबर पाहायला फार वेळ लागत नाही. आकाशाखालची मातीची साधी कबर, संगमरवरी जाळी मागाहून बसवलेली. दिवाळीच्या सुमाराला आलात तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागतात, भाव घाटाखाली जास्त सांगतात, वर कमी. लेणी मंगळवारी बंद असतात. तुमच्या दोन दिवसांत मंगळवार येत असेल तर तो देवगिरीला द्या.