आधी मुक्काम, मग ठिकाणं



हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की एक विषय हमखास निघतो. "एकदा सगळ्या मिळून कुठंतरी जाऊन येऊ." आणि बोलणं तिथंच राहतं. एकच गाव असलं तर एसटीत बसलं की झालं. पण गावं दोन-तीन असली, थोडा रेल्वेचा आणि थोडा गाडीचा प्रवास असला, की सुरुवात कुठून करायची हेच सुचत नाही. मग घरातलं कुणीतरी किंवा गाडीवाला सगळं ठरवतो आणि आपण डबे भरतो. आज आपण हे ठरवायचं कसं, ते पाहणार आहोत. कॅलेंडर आणि कागद-पेन जवळ घेऊन बसा.

आधी आमची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही घरचे सगळे भाड्याची जीप करून निघालो. तीन दिवसांत नऊ ठिकाणं! सोमवारी अजिंठ्याला पोहोचलो, तर लेणी बंद. म्हटलं, असू द्या, उद्या वेरूळ पाहू. मंगळवारी वेरूळच्या फाटकाशी उभे राहिलो, तर तेही बंद. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, ही साधी गोष्ट आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हती. सासूबाईंना शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं कैलास लेणं एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, "काय काय पाहिलं, काकू?" त्या म्हणाल्या, "जीपची खिडकी."

ते वाक्य मला लागलं. गेल्या जानेवारीत आम्ही सहा जणी पुन्हा निघालो, सासूबाईंना घेऊन. या वेळी सगळं आम्हीच ठरवलं. त्याच सहलीचं उदाहरण धरून एक एक पायरी सांगते.

पहिली पायरी : मुक्काम मोजा. आपण यादी करतो ती ठिकाणांची. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, शनिशिंगणापूर, शिर्डी, नाशिक, त्र्यंबक, वणी... यादी वाढत जाते आणि दिवस तेवढेच राहतात. म्हणून आधी विचारा, घराबाहेर किती रात्री राहता येईल? आमच्याकडं कापसाची वेचणी उरकते आणि हळदीची काढणी सुरू व्हायची असते, त्या मधल्या दिवसांत सहा रात्री मिळत होत्या. या सहा रात्री तीन गावांत वाटल्या : छत्रपती संभाजीनगरला तीन, शिर्डीला एक, नाशिकला दोन. तीनच गावं. कारण गाव बदलायचं म्हणजे पिशव्या बांधा, खोली सोडा, प्रवास करा, नवी खोली शोधा, पिशव्या उघडा. यात अर्धा दिवस जातोच. रोज गाव बदललं तर सहलीचा अर्धा वेळ पिशव्यांचा होतो. वणी आणि शनिशिंगणापूर आम्ही खोडलं. खोडताना वाईट वाटलं, पण पुढच्या वेळेला काहीतरी उरलं पाहिजे ना!

दुसरी पायरी : जे आपल्या हातात नाही, ते कॅलेंडरवर आधी लिहा. लेण्यांचे सुट्टीचे वार आपण बदलू शकत नाही. शिर्डीला गुरुवारी आणि शनिवार-रविवारी गर्दी जास्त असते, त्र्यंबकेश्वरला सोमवारी. हे सगळे वार लिहिले की क्रम आपोआप ठरतो. आम्ही शनिवारी निघालो. रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ, मंगळवारी शिर्डी, बुधवारी नाशिक, गुरुवारी त्र्यंबक, शुक्रवारी परत. हाच क्रम एक दिवस पुढं सरकवला असता, तर सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ, म्हणजे पुन्हा आमची जुनीच फजिती झाली असती. आणखी एक लक्षात ठेवा. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ कुंभमेळा येतो आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठ्या स्नानाच्या पर्वण्या आहेत. त्या काळात कुंभासाठीच जायचं असेल तर जा, नुसत्या सहलीसाठी नको.

तिसरी पायरी : रेल्वे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम सुरू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा सुरूही झाला. पण उमरखेडला गाडीची शिट्टी ऐकू येईपर्यंत आपलं मोठं स्टेशन नांदेडच. मोबाइलवर तिकीट काढताना ते 'हजूर साहिब नांदेड' या नावानं येतं. औरंगाबाद स्टेशनचं नावही आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, तेव्हा जुन्या नावानं शोधून गोंधळू नका.

आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होतं. पूर्वी ते एकशेवीस दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून साठ झालं. आमचं जाण्याचं तिकीट ज्या दिवशी निघालं, त्यानंतर सहा दिवसांनी परतीचं खुलं झालं. ही दुसरी तारीख बायका विसरतात. ती कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, कारण जाण्याचं तिकीट हातात आणि परतीचं वेटिंगवर, अशी गत सगळ्यात वाईट. वेटिंगचं ऑनलाइन तिकीट शेवटपर्यंत पक्कं झालं नाही, तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही.

एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जणांची नावं बसतात. आम्ही मुद्दाम सहाच जणी ठरवल्या. सातवी आली की दुसरं तिकीट काढावं लागतं, आणि डबाही वेगळा मिळू शकतो.

आता गाडी कोणती निवडायची? स्वस्त कोणती, हे आम्ही शेवटी पाहिलं. आधी पाहिलं, ती स्टेशनात किती वाजता सोडते. जाताना तपोवन एक्स्प्रेस घेतली. ती सकाळी नांदेडहून सुटते आणि दुपारी संभाजीनगरला पोहोचते. उजेडात उतरलो, उजेडात खोली गाठली. नाशिकहून परतायला तीन गाड्या दिसत होत्या. नंदीग्राम संध्याकाळनंतर नाशिक रोडला येते आणि नांदेडला पहाटेच्या अंधारात सोडते. देवगिरी नाशिक रोडला मध्यरात्र उलटल्यावर येते. तपोवन सकाळी नाशिक रोडहून निघून संध्याकाळी नांदेडला पोहोचते. आम्ही पुन्हा तपोवनच घेतली. दिवसाची गाडी असल्यानं बर्थची कटकट नाही, सेकंड सिटिंगचं तिकीट पुरलं. नांदेडहून घरापर्यंत दोन तासांचा रस्ता उरतो, म्हणून ओळखीच्या गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. गाड्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी एकदा १३९ वर विचारून घ्या.

मध्यरात्रीच्या गाडीत एक खोच असते, ती नीट समजून घ्या. समजा गाडी रात्री साडेबाराला आहे आणि तुम्हाला गुरुवारी रात्री निघायचं आहे. आपल्या बोलण्यात ती 'गुरुवार रात्र', पण रेल्वेच्या हिशेबात बारा वाजले की शुक्रवार. तिकिटावर शुक्रवारची तारीख हवी. गुरुवारची टाकली, तर गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते.

चौथी पायरी : भाड्याची गाडी. इथं सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून हिशेब समजून घ्या. बाहेरगावी जाणाऱ्या गाडीला दर किलोमीटरला भाव असतो, पण दिवसाला कमीत कमी अडीचशे किंवा तीनशे किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात, गाडी तेवढी चालो न चालो. वर चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. रविवार ते गुरुवार पाच दिवस एकच गाडी ठेवली, तर पाच त्रिक पंधरा, म्हणजे दीड हजार किलोमीटरचे पैसे. आणि खरं अंतर? अजिंठा जाऊन-येऊन दोनशे, वेरूळ साठ, शिर्डी सव्वाशेच्या आत, शिर्डी-नाशिक नव्वदच्या आसपास, त्र्यंबक जाऊन-येऊन साठ, आणि गाडीचा परतीचा रिकामा प्रवास दोनशे. सगळं मिळून सातशेच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे न चाललेल्या किलोमीटरचे!

म्हणून आम्ही गाडी तुकड्या-तुकड्यानं घेतली. अजिंठ्यासाठी दिवसभराची बाहेरगावची गाडी. वेरूळ आणि त्र्यंबकला अंतर कमी, तिथं आठ तास-ऐंशी किलोमीटरचा शहरी दर परवडतो. शिर्डी आणि नाशिकचे दोन टप्पे एसटीनं केले. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, हे विसरू नका. आधार कार्ड पर्समध्ये असू द्या.

गाडी ठरवताना पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं मोबाइलवर लिहून मागवा. किलोमीटर कुठून मोजणार, आमच्या दारापासून की तुमच्या? रोजचे किमान किती? चालकाचा भत्ता किती? टोल-पार्किंग कुणाकडं? वेळ जास्त लागला तर तासाला किती? गाडीची पाटी पिवळी आहे ना, तेही पाहा, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं द्यायची नसते. आणि सात आसनी गाडीत चालक धरून सात माणसं बसली की मागं सामानाला जागा उरत नाही. तेव्हा एकीची एकच पिशवी, जी तिला स्वतःला उचलता येईल.

पाचवी पायरी : सगळ्यात हळू चालणारीच्या पावलानं दिवस आखा. आमच्यात त्या सासूबाई होत्या, दोन्ही गुडघे दुखणाऱ्या. अजिंठ्याला आपली गाडी फाट्यावरच थांबते, पुढं चारेक किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं आणि मग पायऱ्या. पायऱ्या ज्यांना जमत नाहीत त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, त्यांचा दर आधी ठरवून घ्यायचा. एकूण तीस लेणी आहेत, आम्ही सहा पाहिली, पण बसून पाहिली. वेरूळचं उलट आहे. चौतीस लेण्यांतलं सोळावं, म्हणजे कैलास लेणं, प्रवेशद्वारातून आत गेलं की समोरच आहे. चढ जवळजवळ नाहीच. जैन लेणी मात्र दुसऱ्या टोकाला लांब आहेत, तिथं पायी जायचा हट्ट धरू नका. दौलताबादचा किल्ला सगळा चढाचा, तो आम्ही रस्त्यावरूनच पाहिला. नाशिकला पांडवलेण्याच्या पायऱ्या सोडल्या आणि काळाराम मंदिर निवडलं. तिथंच २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. गोदाकाठ जवळ, सावकाश चालत झाला.

दिवसाला एक मोठं ठिकाण, एक लहान, आणि दुपारी दोन तास मोकळे. खोली ठरवताना दोनच गोष्टी पक्क्या विचारा : तळमजला किंवा लिफ्ट आहे का, आणि संडास उठ-बस जमेल असा आहे का. रस्त्यात दर दोन तासांनी थांबायचं, हे चालकाला सकाळीच सांगून ठेवा. लघवी लागेल म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका सहलीहून आजार घेऊन येतात.

सहावी पायरी : पैसा. बचतगटाची सवय इथं कामाला येते. सगळ्यांनी सारखी रक्कम एकीकडं जमा करायची, तिनं रोज रात्री वही वाचून दाखवायची. एकूण रकमेचा दहावा हिस्सा वेगळ्या पाकिटात, अडीअडचणीशिवाय हात लावायचा नाही. तिकिटं आणि खोलीच्या पावत्या दोघींच्या मोबाइलमध्ये आणि एक प्रत कागदावर. खाण्याचं म्हणाल, तर दशम्या आणि चटणी फक्त पहिल्या दिवसापुरती. पुढचे सहा दिवस कुणीही स्टोव्ह पेटवायचा नाही, हा आमचा ठराव होता. घरी रोज आपणच रांधतो. सुट्टी ती आपलीही आहे.

आता शेवटचं. सोमवारी सकाळी आम्ही वेरूळला पोहोचलो. फाटक उघडं होतं. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, एकाच खडकातून वरून खाली खोदत आणलेलं ते आख्खं देऊळ. आम्ही आत फिरलो, बाहेर आलो, तरी सासूबाई हत्तीजवळच्या दगडावर बसलेल्या. म्हटलं, "आई, पुढची लेणी पाहायची ना?" त्या म्हणाल्या, "तुम्ही या पाहून. मी इथंच आहे." दोन तास बसल्या. यादीतली दोन लेणी राहिली, कुणाची तक्रार नव्हती. ते दोन तास आम्ही कागदावर मोकळे ठेवले होते, म्हणून त्यांना मिळाले.

तर मैत्रिणींनो, आज रात्री एवढंच करा. कॅलेंडरचं एक पान घ्या. किती रात्री मिळतील ते लिहा. बंद वार आणि गर्दीचे वार लिहा. तिकिटांच्या दोन तारखा लाल पेनानं लिहा. ठिकाणांची यादी त्यानंतर काढा आणि तिच्यातली दोन नावं लगेच खोडा. मग पुढच्या हळदीकुंकवाला "जाऊन येऊ" असं नुसतं म्हणायची वेळ येणार नाही. तारीखच सांगता येईल.